३० जूनच्या भरवशावर

आमच्या भागात शेवटची तारीख कुणी शेवटची मानत नाही. परीक्षेचा फॉर्म राहिला तर विलंब शुल्क भरून देता येतो, तेही हुकलं तर अतिविलंब शुल्क असतं. पीकविम्याला मुदतवाढ मिळते, शिष्यवृत्तीच्या अर्जाला मिळते, कॉलेजच्या प्रवेशालासुद्धा कुलगुरूंच्या परवानगीने मिळते. यात लबाडी काही नाही. एसटी येत नाही, वीज जाते, सेतू केंद्राचं सर्व्हर बंद असतं, तहसीलमध्ये उत्पन्नाचा दाखला सहीवाचून पडून राहतो. मुदतवाढ नसती तर खेड्यातली निम्मी पोरं शिक्षणाबाहेर फेकली गेली असती. पण या सवलतीत वाढलेल्या मुलाच्या अंगात एक सवय मुरते, आणि ती सवय घेऊनच मी परदेशी विद्यापीठाच्या दारात गेलो. त्यात माझा जो वेळ वाया गेला तो मी सोसला. पण माझ्या सल्ल्यामुळे गावातल्या एका मुलीची जागा गेली. ते सांगितल्याशिवाय मला पुढच्या पोरांना काही सांगण्याचा अधिकार नाही, म्हणून लिहितो आहे.

माझं गाव माकणी. लोहारा तालुक्यातलं, तेरणेच्या काठचं. निम्न तेरणा धरण आमच्याच गावाजवळ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर पट्टा हादरला, तेव्हा या धरणाच्या पाण्याचा भूकंपाशी काही संबंध आहे का यावर शास्त्रज्ञांत बरीच चर्चा झाली होती. मी त्यानंतर जन्मलो, पण घरात, पारावर, शाळेत धरण आणि पाणी हे विषय कायम कानावर. कुणाची जमीन गेली, कुणाला पाणी मिळालं, कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी का पोचत नाही, हे ऐकतच मोठा झालो. उमरग्याला भूगोल घेऊन बीए करत असताना एका सरांनी सांगितलं की पाणी व्यवस्थापनावर परदेशात एका वर्षाची मास्टर्स असते, आणि तुझ्यासारख्यासाठी सरकारची शिष्यवृत्ती आहे. आण्णा, म्हणजे माझे वडील, सालाने राहिलेला माणूस. त्यांना मी परदेशाचं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सरकार देत असंल तर जा. आपल्याकडं द्यायला काय बी नाही."

सरांनी सांगितलेली शिष्यवृत्ती म्हणजे राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. राज्याचा सामाजिक न्याय विभाग अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ती २००३ पासून देतो. वर्षाला ७५ जणांना. शिकवणी शुल्क, राहण्याचा खर्च, विमानाचं तिकीट, सगळं त्यात येतं. अटी दोन महत्त्वाच्या: विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत सरकारने ठरवलेल्या क्रमांकाच्या आत असलं पाहिजे, आणि हातात विनाअट प्रवेशपत्र, म्हणजे अनकंडिशनल ऑफर लेटर, असलं पाहिजे. जाहिरात साधारण उन्हाळ्यात निघते आणि अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो.

मी तिसऱ्या वर्षाला होतो. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाच्या पानावर ३० जून ही तारीख होती. मी ठरवलं, आधी शेवटच्या सत्राचे पेपर होऊ देत, मग अर्ज. पेपर झाले, मे उजाडला. तेव्हा मला कळलं की परदेशी विद्यापीठाचा अर्ज हे एका रात्रीचं काम नाही. शिफारसपत्रं हवी होती, ती संस्थेच्या ईमेलवरून. आमच्या कॉलेजातले बहुतेक प्राध्यापक स्वतःच्या जीमेलवरूनच सगळा व्यवहार करत. शिवाय सुट्ट्या लागलेल्या, सर गावाकडे गेलेले. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट हवी होती, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, माकणीहून तीनशे किलोमीटरच्या आसपास. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर नाव आधी, म्हणून दोन्ही माणसं एकच आहेत हे सांगणारं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी हजारांच्या घरात, आणि त्या महिन्यात आमच्याकडे पैसा कुठून येणार? सोयाबीन निघतं ऑक्टोबरात. मजुरीवर जगणाऱ्या घरातसुद्धा हातात चार पैसे त्याच वेळी येतात. मेमध्ये उसने घेऊनच परीक्षा द्यावी लागली, आणि घाईत दिलेल्या परीक्षेत लेखनाचा बँड कमी आला.

तरी प्रवेश मिळाला. पण तो सशर्त होता: अंतिम निकाल दाखवा, इंग्रजीचा गुण वाढवा. शेवटच्या सत्राचा निकाल लागला तोवर शिष्यवृत्तीची मुदत संपून गेली होती. त्या वर्षी मुदतवाढ मिळाली होती, तीही संपली होती. मी आयुक्तालयात फोन केले, सशर्त पत्र चालेल का विचारलं. तिकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं, चालत नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं. जाहिरातीत ते स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि जाहिरात मी वाचलेली होती.

यातून मला जे समजलं ते आजही बरोबर वाटतं, आणि आमच्याकडच्या पोरांना ते कुणी सांगत नाही. मराठवाड्यातल्या विद्यापीठाचा पदवीचा निकाल उन्हाळा उलटताना लागतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असणाऱ्या मुलाला त्याच वर्षी विनाअट पत्र मिळवून शिष्यवृत्ती गाठणं जवळपास अशक्य आहे, कितीही हुशार असला तरी. पुण्या-मुंबईतल्या मुलाच्या घरचे सुरुवातीची रक्कम भरून सशर्त जागा धरून ठेवू शकतात. आपल्याला ते जमणार नाही. म्हणून पदवीनंतरचं एक वर्ष मोकळं ठेवायचं. त्या वर्षाला 'गॅप' म्हणून नावं ठेवतात, पण सगळे निकाल हातात असलेला माणूस ऑक्टोबरात अर्ज करू शकतो आणि त्याला पहिलंच पत्र विनाअट मिळू शकतं.

पैशाची मुदत आणि विद्यापीठाची मुदत या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या घरातल्या फोटोतल्या माणसाच्या आयुष्यातही घडलेलं आहे. बाबासाहेब १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोद्याची शिष्यवृत्ती १९१७ मध्ये संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन प्रबंध पुरा करायची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एमएस्सी, १९२३ ला डीएस्सी. लहानपणापासून हे भाषणांत ऐकत आलो होतो. त्या परवानगीचं मोल मला माझं पत्र हुकल्यावर कळलं. निघण्याआधी त्यांनी परत यायचा कागद हातात घेतला होता.

पुढच्या वर्षी मी उलट टोकाला गेलो. अर्ज उघडले त्याच आठवड्यात मी ते भरले. एक नाही, दिसेल तिथे. उद्दिष्टनिवेदन, ज्याला सगळे एसओपी म्हणतात, ते एका ओळखीच्या मुलाचं घेऊन त्यातली वाक्यं बदलली होती. एका ठिकाणी तर आधीच्या विद्यापीठाचं नाव तसंच राहिलं. नकार पटापट आले. मला वाटलं, लवकर केला म्हणजे पुन्हा संधी मिळेल. तशी ती मिळत नाही. पुष्कळ विद्यापीठं एका अभ्यासक्रमासाठी एका वर्षात एकदाच अर्ज वाचतात. म्हणजे मी ऑक्टोबरातच स्वतःची पुढच्या सप्टेंबरपर्यंतची दारं लावून घेतली होती. ज्यांच्याकडे मी अर्ज केलेला नव्हता अशा मोजक्या ठिकाणांवर मग मी महिनाभर काम केलं. आमच्या धरणाच्या कालव्याचं शेवटचं टोक, तिथले शेतकरी पाण्याची पाळी कशी ठरवतात, नमुना सातचा पाणी अर्ज भरूनही पाणी का येत नाही, हे मला माहीत होतं आणि अर्ज वाचणाऱ्याला माहीत नव्हतं. ते लिहिलं. एका सरांनी ते तपासून दिलं. नोव्हेंबर संपायच्या आत अर्ज गेला, जानेवारीत विनाअट पत्र आलं. शिष्यवृत्ती मिळाली आणि मी गेलो. तिथल्या वर्षाबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे.

आता त्या मुलीचं.

ती आमच्याच वस्तीतली, माझ्यापेक्षा लहान. गुण माझ्याहून कितीतरी चांगले. तिला सार्वजनिक आरोग्य शिकायचं होतं. तिची आई आशाताई आहे, तिच्या मागे मागे लसीकरणाला, बाळंतिणींच्या घरी जाऊन ती त्या विषयात शिरली होती. मी तेव्हा ब्रिटनमध्ये होतो. तिची पदवी झालेली, निकाल हातात, म्हणजे माझी पहिली चूक तिने केलीच नव्हती. डिसेंबरात तिने फोन केला. "दादा, एसओपी झालाय बगा. आता टाकू का अर्ज?"

मी तिचा एसओपी वाचला. चांगला होता, थोडा सुधारला असता तर आणखी चांगला झाला असता. मी अभ्यासक्रमाचं पान उघडलं. ३० जून. मी म्हणालो, "जूनपर्यंत मुदत आहे की. कशाला गडबड करायलीस? आयईएल्टीएसचा स्कोअर येऊ दे, एसओपी अजून दोनदा लिही, मग टाक. माझं घाईनं काय झालं माहिताय ना?"

तिने माझं ऐकलं. का ऐकणार नाही? वस्तीतून तिकडे गेलेला मी तिच्या ओळखीतला एकच माणूस होतो. तिने जानेवारीत परीक्षा दिली, फेब्रुवारीत स्कोअर आला, एसओपी पुन्हा लिहिला. मार्चमध्ये ती अर्ज भरायला बसली तर त्या अभ्यासक्रमापुढे लिहिलेलं होतं, या वर्षीच्या जागा भरल्या आहेत, आता अर्ज स्वीकारले जात नाहीत. ३० जून ही तारीख त्या पानावर तशीच होती. तिच्या खाली एक वाक्य होतं: अर्ज येतील त्या क्रमाने विचारात घेतले जातील आणि जागा भरल्यास अभ्यासक्रम मुदतीआधी बंद होऊ शकतो. ते वाक्य डिसेंबरातही तिथे होतं. मी फक्त तारीख पाहिली होती.

तिने दुसरीकडे अर्ज केला. तिथे घेतलंही. पण ते विद्यापीठ शिष्यवृत्तीच्या क्रमवारीत बसत नव्हतं, म्हणजे घेतलं काय आणि नाही काय. मग प्रश्न आला आणखी एक वर्ष थांबायचा. मुलगा थांबला की तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय म्हणून सांगता येतं. मुलगी थांबली की घरात पाहुणे यायला लागतात. तिची आई माझ्याशी फोनवर चांगलंच बोलली, एका शब्दाने दोष दिला नाही. मला तो फोन अजून आठवतो आणि आठवला की काही सुचत नाही. मी नको तेव्हा धीर दिला होता, आणि तो देताना माझ्या स्वतःच्या नकाराचं दुःख बोलत होतं. तिच्या कामाची पाहणी मी केलीच नव्हती. माझं घाईने बिघडलं होतं, म्हणून तिला सावकाश जा म्हणालो. तिचा अर्ज घाईचा नव्हताच. तो तयार होता.

इतकी वर्षं अर्ज भरून मला ही साधी गोष्ट का दिसली नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडची प्रवेशाची पद्धतच वेगळी आहे. अभियांत्रिकी असो की फार्मसी, सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत पहिल्या दिवशी अर्ज भरणारा आणि शेवटच्या दिवशी रात्री भरणारा यांच्यात काहीच फरक नसतो. मुदत संपते, सगळे अर्ज एकत्र येतात, गुणवत्ता यादी लागते, मग फेऱ्या होतात. ही पद्धत न्याय्य आहे, आणि गरीब मुलाच्या बाजूची आहे असं माझं मत आहे, कारण ज्याला माहिती उशिरा मिळते त्याचंही त्यात नुकसान होत नाही. तिकडे ज्याला रोलिंग प्रवेश म्हणतात त्यात यादी लागतच नाही. आलेला अर्ज वाचतात, आठ-दहा आठवड्यांत उत्तर देतात, आणि जागा एकेक करून कमी होत जातात. ब्रिटनमधल्या बहुतेक एकवर्षीय मास्टर्सची हीच रीत आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स तर हे आपल्या पानावर उघड सांगतं. अमेरिकेत काही मोठ्या विद्यापीठांत पदवीचे प्रवेशसुद्धा असेच होतात. आपल्याकडच्या माणसाला हे समजवायचं तर ऊस बघावा. कारखान्याकडे लागवडीची नोंद ज्या क्रमाने, त्या क्रमाने तोड येते. गाळप कधी संपणार याचा अंदाज सगळे बांधतात, पण तोवर तुमचा नंबर लागेलच अशी हमी कुणी दिलेली नसते. गाळप संपून पट्टा पडला की उभा ऊस फडातच राहतो, आणि ऊस चांगला होता म्हणून त्याचं काही होत नाही.

मला ही पद्धत आवडत नाही, हेही सांगून टाकतो. ती त्यांच्या सोयीची आहे. ज्या मुलाच्या घरात परदेशी शिकलेला काका आहे, ज्याचं कॉलेज ऑक्टोबरातच शिफारसपत्रं देतं, जो पैसे देऊन सल्लागार ठेवतो, त्याला ती पहिली जागा देते. लोहाऱ्याच्या पोराला या तारखांची खबर लागते तोवर अर्ध्या जागा गेलेल्या असतात. पण पद्धत आपण बदलेपर्यंत आपली पोरं थांबू शकत नाहीत. आणि लवकरचा अर्ज म्हणजे पहिल्या दिवसाचा अर्धाकच्चा अर्ज नव्हे, हे मी स्वतःच्या नकारातून सांगू शकतो. कागद पुरे असावेत, लिहिलेलं आपलं असावं, आणि ते झालं की त्यानंतर एक दिवससुद्धा थांबू नये. आयईएल्टीएसचा स्कोअर बाकी असला तरी पुष्कळ ठिकाणी अर्ज घेतात आणि स्कोअर नंतर जोडता येतो. त्या मुलीलाही डिसेंबरात तसं करता आलं असतं. विनाअट पत्र स्कोअर आल्यावर मिळालं असतं, शिष्यवृत्तीच्या जाहिरातीच्या बरंच आधी.

ती पुढच्या वर्षी तुळजापूरला गेली. टाटा समाजविज्ञान संस्थेचं आवार १९८६ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि तिथल्या शिक्षणाला मी कुठेही कमी मानत नाही. तिने तिथे ग्रामीण विकासात एमए केलं, आता काम करते, चांगलं करते. पण तिला सार्वजनिक आरोग्य शिकायचं होतं, आणि ती निवड तिने स्वतः बदललेली नाही. माझ्या एका फोनने बदलली.

मी आता परत आलो आहे. दर वर्षी दहा-पंधरा पोरं फोन करतात, लोहारा, उमरगा, औसा, निलंगा, कधी पार देगलूरकडून. त्यांना आता मी आठवणीतून तारीख सांगत नाही. फोनवर दोघंही ते पान उघडतो आणि तारखेखालचं बारीक अक्षरातलं सगळं मोठ्याने वाचायला लावतो. अभ्यासक्रम मागच्या वर्षी कधी भरला होता, हे विद्यापीठाला ईमेल करून विचारायला सांगतो. बहुतेक जण उत्तर देतात. जे आमच्या आधी तिकडे शिकून आले त्या सगळ्यांना माझी विनंती आहे, 'अजून वेळ आहे' हे वाक्य कुणालाही सांगू नका. तुमच्या वर्षी वेळ असेल, त्याच्या वर्षी नसेल.

आणि यंदा पदवी झालेल्यांसाठी: निकाल लागला असेल तर ट्रान्सक्रिप्टचा अर्ज आजच टाका, त्याला लागतो तेवढा वेळ दुसऱ्या कशालाही लागत नाही. शिफारस देणाऱ्या सरांना दिवाळीच्या सुट्टीआधी भेटा आणि कॉलेजचा ईमेल सुरू करायला प्राचार्यांच्या मागे लागा, एकाचं काम झालं की पुढच्या दहा जणांचं होतं. सोयाबीनचे पैसे आले की पहिली फी आयईएल्टीएसची भरा, तो स्कोअर दोन वर्षं चालतो. नोव्हेंबरात अर्ज जाऊ द्या. शिष्यवृत्तीची जाहिरात उन्हाळ्यात येईल, तेव्हा विनाअट पत्र तुमच्या फायलीत असलं पाहिजे.